घरच्या घरी फेस स्क्रब: ओट्सची पूड, थोडं दही आणि एकदम हलका हात

लिंबाची फोड साखरेत बुडवायची आणि ती चेहऱ्यावर गोल गोल घासायची, हा उपाय मी कॉलेजात असताना केला होता आणि तो पण कधी तर दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचं लग्न असताना. झोंबायला लागलं तेव्हा मला वाटलं अरे वा, काम करतंय, म्हणून अजून दोन मिनिटं घासलं. सकाळी उठून बघते तर गाल लालभडक, नाकाच्या दोन्ही बाजूंना सालं निघालेली, त्यावर फाउंडेशन लावलं तर ते त्या सालांनाच चिकटून बसलं आणि लांबूनसुद्धा दिसायला लागलं. आई एवढंच म्हणाली, "अगं चेहरा आहे तो, तवा आहे का घासायला?"

तर आज जो स्क्रब सांगणार आहे तो अगदी बोअरिंग आहे, आधीच सांगून ठेवते. त्यात लिंबू नाही, झोंबणारं काही नाही, आणि लावल्यावर "जादू" वगैरे वाटणार नाही. पण आठवड्यातून एकदा केला तर चेहरा हाताला मऊ लागतो, क्रीम नीट बसतं, आणि दुसऱ्या दिवशी तोंड लपवत फिरावं लागत नाही.

आधी दोन मिनिटं त्वचेबद्दल बोलू, कारण हे कळलं की कुठली रेसिपी चांगली आणि कुठली फालतू हे तुमचं तुम्हालाच कळतं. त्वचेच्या सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा एक थर असतो, म्हणजे थर कसला, साधारण १५ ते २० पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. सगळे मिळून जाडी किती, तर चेहऱ्यावर एका केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आपण ज्याला "डेड स्किन" म्हणून नाकं मुरडतो ना, तेच आपलं कवच आहे, आतलं पाणी आत धरून ठेवणारं आणि बाहेरची घाण, जंतू बाहेर ठेवणारं. खालून नवीन पेशी तयार होत वर येत राहतात आणि वरच्या आपोआप झडत राहतात, तरुण वयात या सगळ्या चक्राला साधारण २८ दिवस लागतात आणि वय वाढत गेलं की ते लांबत जातं. म्हणून चाळिशीनंतर चेहरा जरा निस्तेज, राठ वाटायला लागतो.

आता गंमत अशी की या पेशी झडण्यासाठी त्वचेतली काही एन्झाइम्स काम करत असतात, आणि त्यांना काम करायला पाणी लागतं. त्वचा कोरडी पडली की पेशी एकेक करून गुपचूप झडायच्या ऐवजी झुपक्याने अर्धवट सुटतात, तीच ती पांढरी सालं. म्हणजे सालं दिसली की आपण धावतो स्क्रब करायला, पण बऱ्याच वेळा तिथे नुसतं मॉइश्चरायझर हवं असतं. तुमच्या चेहऱ्याची सालं निघत असतील, धुतल्यावर ताणल्यासारखं होत असेल, तर आधी आठ-दहा दिवस सकाळ संध्याकाळ साधं क्रीम लावून बघा, साबण बंद करून सौम्य फेसवॉश वापरा, कदाचित पुढचं काही वाचायची गरजच पडणार नाही.

स्क्रब करतो काय, तर जे पापुद्रे तसेही सुटायच्या बेतात आहेत त्यांना जरासा धक्का देतो. बास. तो रंग उजळवत नाही, डाग घालवत नाही, पोअर्स बंद करत नाही (पोअर्सना दारं नसतात उघडायला आणि लावायला) आणि ब्लॅकहेड्स मुळातून काढत नाही. ब्लॅकहेडचा काळा रंग ही घाण नसते हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं, आतलं तेल आणि मेलेल्या पेशींचं बूच असतं आणि त्याचं वरचं टोक, त्यातल्या मेलॅनिनमुळे आणि हवा लागल्यामुळे काळं दिसतं. त्यामुळे कितीही घासलं तरी तो "धुऊन" जात नाही. आणि नाकावर जे बारीक करड्या रंगाचे ठिपके एकसारखे दिसतात ना, ते तर ब्लॅकहेड्स पण नसतात, तेलग्रंथींचं नॉर्मल बांधकाम असतं ते, काढलं तरी काही आठवड्यांत परत भरतं.

कुणी हे करूच नये

चेहऱ्यावर पिकलेले, दुखणारे पिंपल्स असतील तर नाही. एक्झिमा, सोरायसिस, रोझेशिया असेल तर नाही. ओठाच्या कडेला तापाचा फोड आला असेल तर अजिबात नाही कारण तो व्हायरस असतो आणि घासून घासून तुम्ही तो बाजूला पसरवाल. उन्हाने चेहरा भाजला असेल, कुठे खरचटलं असेल, नुकतंच वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग केलं असेल तर दोन-तीन दिवस थांबा. आणि महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन असलं काही लावायला दिलं असेल किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा तुम्ही स्वतःच ग्लायकोलिक, सॅलिसिलिक अ‍ॅसिडवालं सीरम वापरत असाल, तर तुमचे पापुद्रे आधीच पातळ आणि हुळहुळे झालेले असतात, त्यावर परत घासणं म्हणजे सोललेल्या जागी परत सोलणं.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेच्या लोकांनी तर अजून जपायचं. आपल्या त्वचेला जरा दुखापत झाली, जरा जळजळ झाली की ती तिथे जास्तीचा रंग तयार करून ठेवते, मग तो काळपट डाग जायला महिने लागतात. उजळण्यासाठी घासायला गेलो आणि उलटे डाग घेऊन बसलो असं खूप जणांचं होतं. तसंच मानेचं. मान, कोपर, काख मखमलीसारखी जाड आणि काळी पडली असेल तर तो मळ नसतो, तो कुठल्याच स्क्रबने निघत नाही, बऱ्याचदा त्याचा संबंध शरीरातल्या इन्सुलिनशी असतो. तिथे घासत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवून शुगर तपासून घ्या, हे खरंच सांगते.

किचनमधलं काय घ्यायचं, काय तिथेच ठेवायचं

माझा नियम एकच आहे, पदार्थ चिमटीत घेऊन दोन बोटांत चोळायचा, कुठेही टोचला, कचकचला तर तो चेहऱ्यासाठी नाही. पीठ चोळल्यासारखं लागलं पाहिजे. या एका टेस्टमध्ये निम्म्या रेसिपी बाद होतात.

अक्रोडाच्या टरफलाची पूड, बदामाची भरड, कॉफीचा जाड चोथा, जाडं मीठ, अंड्याच्या कवचाची पूड, हे सगळं चेहऱ्यासाठी बाद. यांचे कण कितीही बारीक दिसले तरी वेडेवाकडे आणि कडांना धारदार असतात आणि पाण्यात विरघळत नाहीत (मीठ विरघळतं पण जखमेवर मीठ ही म्हण उगाच नाही आली, चेहऱ्यावर बारीक ओरखडा असला तरी डोळ्यांत पाणी येतं). एकेकाळी बाजारातल्या स्क्रबमध्ये गुळगुळीत प्लास्टिकचे मणी असायचे, ते टोचायचे नाहीत पण गटारातून नदी समुद्रात जाऊन बसायचे, म्हणून अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून असे मणी असलेली धुऊन टाकायची उत्पादनं बनवणं २०१७ पासून बंद केलं, मग इतर देशांनी पण हळूहळू तसंच केलं. घरच्या स्क्रबचा हा एक फायदा मी मानते, सिंकमधून जे जातं ते शेवटी पीठच असतं.

लिंबू. माझं आवडतं भांडण. त्वचेचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५ च्या आसपास असतो, म्हणजे ती जराशी आंबट असते, आणि लिंबाच्या रसाचा असतो २ च्या आसपास. आकडे जवळ वाटतात पण पीएचमध्ये एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट, त्यामुळे लिंबू त्वचेपेक्षा जवळजवळ हजारपट आम्लधर्मी झालं. त्यात लिंबूवर्गीय फळांच्या सालीत आणि रसात काही अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर राहिली आणि ऊन लागलं तर चक्क भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर तपकिरी डाग राहतात. तर लिंबू सरबतात घाला, चेहऱ्यावर नको.

खायचा सोडा याच्या बरोब्बर उलट्या बाजूचा, पीएच ८ च्या वर. तो त्वचेचं ते आंबटपण घालवतो आणि त्यावर अवलंबून असलेलं सगळं कवच बिघडतं. पहिल्यांदा चेहरा मस्त चकचकीत गुळगुळीत वाटतो म्हणून लोक फसतात. दालचिनी, लवंग असली मसाल्याची पूड नको, बऱ्याच जणांना त्याची अ‍ॅलर्जी असते आणि चेहरा आग आग होतो. टूथपेस्ट हा किचनमधला पदार्थ पण नाही तरी लोक का मिसळतात मला माहीत नाही. कच्चं अंडं पण नको, तोंडात गेलं तर साल्मोनेलाची, म्हणजे पोट बिघडवणाऱ्या जंतूची भानगड.

हळद चिमूटभर चालते, पण कपडे, टॉवेल आणि भुवयांच्या आसपासची लव पिवळी होते, आणि स्क्रब म्हणून तिचा काही उपयोग नाही, मी घालत नाही. तुमची मर्जी.

साखर? साखरेचं मत माझं थोडं बदललंय. कण टोकदार असतात हे खरं, पण ती पाण्यात भराभर विरघळते, म्हणजे ओल्या चेहऱ्यावर घासता घासताच कण लहान आणि गोल होत जातात, जास्त वेळ घासायचं म्हटलं तरी घासायला काही उरत नाही. तरी नेहमीची दाणेदार साखर चेहऱ्याला जाडच पडते, ओठांना आणि अंगाला ठीक. आणि हो, "साखरेत ग्लायकोलिक अ‍ॅसिड असतं" असं जे फिरतं ते चूक आहे, ते उसाच्या रसात थोडंसं असतं, पांढऱ्या साखरेत नसतं म्हणायला हरकत नाही.

मग उरलं काय? ओट्स, तांदळाचं एकदम बारीक पीठ, दही, मध. पुरे आहे की.

ओट्सचा स्क्रब, हाच मुख्य

ओट्सचं मला एवढं कौतुक का, तर हा घासणारा पदार्थ असूनही शांत करणारा आहे. त्यात बीटा-ग्लुकन असतं, ते पाणी धरून ठेवतं, भिजल्यावर जो बुळबुळीतपणा येतो ना तो त्याचाच, आणि अ‍ॅव्हेनॅन्थ्रामाइड नावाची द्रव्यं असतात जी खाज आणि लाली कमी करतात. अगदी बारीक दळलेले ओट्स त्वचेचं रक्षण करणारा पदार्थ म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००३ मध्ये मान्य केलेत, एक्झिमाच्या क्रीममध्ये पण ते घालतात. असं सर्टिफिकेट कॉफीच्या चोथ्याकडे नाही.

साहित्य एका वेळेचं: ओट्सची पूड २ चमचे, साधं दही १ चमचा, मध अर्धा चमचा, आणि लागेल तसं पाणी. चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलीवाला.

ओट्स साधे घ्या, चवीचे मसाला घातलेले किंवा साखर घातलेले नकोत. पाव वाटी ओट्स कोरड्या मिक्सरच्या भांड्यात घाला, भांडं खरंच कोरडं पाहिजे नाहीतर पूड भिंतींना चिकटते, आणि थांबून थांबून तीन-चार वेळा फिरवा. सलग फिरवलं की गरम होऊन गोळा व्हायला लागतं. मग बारीक चाळणीने चाळा, आणि हाताशी असेल तर पातळ सुती कापडातून परत चाळा, म्हणजे वस्त्रगाळ. हे काम कंटाळवाणं आहे पण सगळी गंमत इथेच आहे, वर जो कोंडा उरतो तोच टोचणारा असतो. तो टाकू नका, कणकेत जातो. पूड पाण्यात टाकून बघा, चमच्याने ढवळल्यावर पाणी दुधाळ झालं आणि पूड लगेच तळाशी बसली नाही तर बारीक झाली असं समजा. लगेच तळाला गेली तर परत मिक्सर.

आता वाटीत २ चमचे पूड घ्या, दही घाला, मध घाला, कालवा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. हे पाच मिनिटं ठेवणं लोक टाळतात आणि मग म्हणतात चेहऱ्यावर खरखर लागतं. भिजल्यावर कण फुगतात, कडा मऊ होतात. घट्ट झालं असेल तर पाण्याचा एक-एक थेंब घालत सैल करा, भज्याच्या पिठापेक्षा घट्ट आणि कणकेपेक्षा सैल, बोटाने उचललं तर ओघळू नये पण गालावर सहज पसरावं.

दह्याबद्दल खरं सांगायचं तर त्याचं काम ओलसर आणि मऊ करण्याचं आहे. दह्यात लॅक्टिक अ‍ॅसिड असतं हे बरोबर, पण ते साधारण एक टक्का, आणि सीरममध्ये असतं पाच-दहा टक्के, वर आपण दही ठेवणार एक मिनिट, त्यामुळे दह्याने "पील" वगैरे होत नाही. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर दही सोडून द्या आणि पाणी वापरा, काही बिघडत नाही. मधाची अ‍ॅलर्जी असणारे पण असतात, त्यांनी मध सोडावा. म्हणजे शेवटी ओट्स आणि पाणी राहिलं तरी स्क्रब होतो, आणि सेन्सिटिव्ह चेहऱ्यासाठी मी तोच करायला सांगते.

तेलकट चेहरा असेल तर दुसरा प्रकार, तांदळाचं पीठ १ चमचा, ओट्सची पूड १ चमचा आणि दही २ चमचे. तांदळाचं पीठ ओट्ससारखं मऊ पडत नाही म्हणून दहा मिनिटं भिजवा, आणि पीठ विकतचं बारीक घ्या, घरच्या मिक्सरला ते कितीही फिरवलं तरी रवाळच राहतं. हा आठवड्यातून एकदा, सेन्सिटिव्ह लोकांनी नको.

तेलाबद्दल बरेच जण विचारतात की चमचाभर तेल घालू का. खूप कोरडा चेहरा असेल तर सूर्यफुलाच्या तेलाचे चार-पाच थेंब चालतील. खोबरेल तेलाने अनेकांचे पोअर्स भरतात आणि मग बारीक पुरळ येते. ऑलिव्ह ऑइल ऐकायला भारी वाटतं पण त्यात ओलेइक अ‍ॅसिड भरपूर असतं आणि ते त्वचेचं कवच जरा सैल करतं. पिंपल्सवाल्यांनी तर कुठलंच तेल नको.

लावायचं कसं

पहिल्यांदा करताय तर आदल्या दिवशी थोडंसं करून कोपराच्या आतल्या बाजूला किंवा जबड्याखाली कानाजवळ लावून, चोळून, धुऊन टाका आणि २४ तास, जमलं तर ४८ तास वाट बघा. अ‍ॅलर्जी लगेचच दिसते असं नाही, काही वेळा दुसऱ्या दिवशी खाज सुटते.

वेळ रात्रीची निवडा, कारण स्क्रब केल्यावर त्वचा थोडा वेळ उन्हाला जास्त नाजूक असते. आधी हात धुवा. मेकअप, सनस्क्रीन असेल ते फेसवॉशने काढा, स्क्रब म्हणजे क्लीन्सर नव्हे, मळ तसाच ठेवून त्यावर घासलं तर तोच मळ चेहराभर फिरवत बसतो आपण. पाणी कोमट. गरम वाफारा घेऊन मग स्क्रब असं सांगतात, मी नाही सांगणार, वाफेने त्वचा फुगून मऊ होते आणि तेवढ्याच दाबाने जास्त सोलली जाते.

चेहरा ओला असतानाच बोटांच्या पेरांवर स्क्रब घ्या आणि कपाळ, गाल, नाक, हनुवटी असं पसरवा. डोळ्यांभोवती हाडाच्या कडेच्या आत यायचं नाही. मग मधली दोन बोटं, करंगळीशेजारचं बोट आलं तर अजून चांगलं कारण त्याच्यात जोर कमी असतो, आणि छोटी छोटी वर्तुळं. किती वेळ? ३० सेकंद. संपूर्ण चेहऱ्याला मिळून ३० सेकंद, फार तर ४५, नाकाला आणि हनुवटीला त्यातले थोडे जास्त द्या. पहिल्यांदा मोबाइलवर टायमर लावा, कारण आपल्याला वाटतं अर्धं मिनिट झालं आणि घासलेलं असतं तीन मिनिटं. दाब किती, तर गालाची कातडी बोटांबरोबर सरकता कामा नये. कातडी सरकली म्हणजे तुम्ही घासताय, बोट कातडीवरून घसरत राहिलं म्हणजे बरोबर चाललंय. झोंबलं, चरचरलं की लगेच धुवायचं, "काम करतंय" असं समजून माझ्यासारखं पुढे चालू ठेवायचं नाही.

वाळू द्यायचं नाही हं. काही जण हाच पॅक म्हणून वीस मिनिटं ठेवतात आणि तो कडक झाल्यावर कोरडाच चोळून काढतात, त्याने सगळ्यात जास्त ओरखडे येतात. पॅक ठेवायचाच असेल तर ओला असतानाच पाण्याने सैल करून धुवा.

भरपूर कोमट पाण्याने धुवा, केसांच्या कडेला, भुवयांत, नाकपुड्यांच्या बाजूला पूड अडकते ती नीट काढा नाहीतर सकाळी तिथे पांढरं पांढरं दिसतं. टॉवेल मऊ, टिपायचं, पुसायचं नाही. आणि चेहरा किंचित ओला असतानाच साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. त्या रात्री रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, अ‍ॅसिड, टोनर सगळ्यांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, हे ऐच्छिक नाही.

धुतल्यावर हलकी गुलाबी छटा आली आणि दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. तासभर लाल राहिलं, गरम लागत राहिलं, नेहमीचं क्रीम पण झोंबायला लागलं, किंवा चेहरा प्लास्टिकसारखा चकाकायला लागला आणि तरी आतून ताणतोय असं वाटलं, तर तुम्ही जास्त केलंय. मग दोन-तीन आठवडे स्क्रब पूर्ण बंद, फक्त सौम्य फेसवॉश आणि घट्ट क्रीम, दुसरं काही नाही. फोड आले, सूज आली तर डॉक्टर.

किती वेळा हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. नॉर्मल चेहऱ्याला आठवड्यातून एकदा, तेलकट आणि राठ त्वचेला सोसत असेल तर दोनदा, कोरड्या आणि सेन्सिटिव्हला पंधरा दिवसांतून एकदा किंवा कधीच नाही. कधीच नाही हे पण उत्तर आहे, स्क्रब न करता आयुष्यभर छान त्वचा असलेले लोक असतात, पेशी काय आपली परवानगी घेऊन झडत नाहीत.

पुरुष मंडळींसाठी एक. माझा भाऊ दाढी केल्या केल्या स्क्रब करायचा आणि मग म्हणायचा तुझ्या ओट्सने आग होते. अरे दादा, वस्तऱ्याने आधीच वरचा थर खरवडलाय की. दाढीच्या आदल्या रात्री करा, केस मऊ होतात आणि आत वळलेले केस थोडे मोकळे व्हायला मदत होते, आणि दाढीनंतर निदान एक दिवस मध्ये जाऊ द्या. दाढी ठेवली असेल तर ओट्स आत अडकून बसतात, तिथे लावू नका, मग खाज येते आणि सगळे विचारतात नाश्ता सांडला का.

ओठांसाठी पटकन सांगते, पिठीसाखर नाही पण मिक्सरला एकदाच फिरवलेली बारीक साखर अर्धा चमचा, तेलाचे तीन-चार थेंब, दहा सेकंद चोळायचं, पुसायचं, वर पेट्रोलियम जेली. ओठ फुटून रक्त येत असेल तर नको, आधी नुसती जेली लावून ते भरू द्या.

कॉफी ज्यांना हवीच आहे त्यांनी गुडघे, कोपर, टाचा, पायांवर वापरा. कॉफी करून उरलेला चोथा ३ मोठे चमचे, साखर २ मोठे चमचे, तेल २ मोठे चमचे. वास मस्त येतो हे मान्य. सेल्युलाइट (मांड्यांवरची खड्डे पडल्यासारखी दिसणारी त्वचा) जातं वगैरे विसरा, कॅफिनमुळे आणि चोळण्यामुळे थोडा वेळ त्वचा जरा घट्ट दिसते आणि मग परत होती तशी. दोन गोष्टी बघा, एक म्हणजे तेलाने बाथरूमची फरशी इतकी निसरडी होते की नंतर येणारा माणूस सपाट, त्यामुळे लगेच साबणाने धुऊन टाका. दुसरं, चोथा आणि तेल एकत्र पाइपात जाऊन बसलं की ते सिमेंट होतं, जाळीवर जुनं कापड टाकून चोथा गोळा करा आणि कचऱ्यात टाका. आमच्याकडे एकदा प्लंबर बोलवावा लागलाय.

उरलेल्याचं काय करायचं

कालवलेला स्क्रब ठेवायचा नाही. एका वेळेपुरताच करायचा, उरला तर हातांना चोळून संपवायचा. फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवला तर चालेल का, नाही चालणार. यात पाणी आहे, दही आहे, पीठ आहे आणि प्रिझर्व्हेटिव्ह काहीच नाही, बुरशीला आणि बॅक्टेरियाला याच्यापेक्षा चांगलं जेवण कुठलं, आणि ते दिसायला लागायच्या बरंच आधीपासून वाढत असतात. मध आहे ना त्यात, मध खराब होत नाही असं काही जण म्हणतील. मध खराब होत नाही कारण त्यात पाणीच फार कमी असतं, १७-१८ टक्क्यांच्या आसपास, तुम्ही दही आणि पाणी घातलंत की तो नियम संपला.

कोरडी पूड मात्र ठेवता येते. स्वच्छ कोरडी बरणी, घट्ट झाकण, महिना दीड महिना आरामात, पण बाथरूममध्ये ठेवायची नाही, तिथल्या दमट हवेने गोळे होतात आणि किडे पडतात. चमचा कोरडा. खवट वास आला की फेकायची, ओट्समध्ये तेल असतं ते खवट होतं.

आणि बरणीवर चिठ्ठी लावा, ही पूड चेहऱ्याची आहे म्हणून. मी लावली नव्हती, तर घरात एकाने सरळ दोन चमचे दुधात ढवळून प्यायली, आणि वर मला म्हणतो यात साखर कमी आहे.